कोठीवरची आत्याबाई

घरगाडीच्या छतावरची पॅनेलं भाजून निघत होती, भाद्रपदातलं ऊन पाठ सोलून काढत होतं, आणि आमच्या पलंगाखालची बॅटरी साठ टक्क्यांवर येऊन ठप्प बसली होती. पुढं एक कण घ्यायला तयार नाही. लसणीची चटणी वाटायला मी मिक्सर काढला, बटण दाबलं, तर मिक्सर मुका आणि वरून मधाळ आवाज: "क्षमा करा, आजच्या नियोजनात मिक्सर नाही."

"नियोजनात नाही म्हणजे? वर सूर्य काय झोपा काढतोय?"

"तुम्हाला पुरेल एवढं भरून ठेवलं आहे," आवाज म्हणाला.

कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच, आत्याबाई. लग्नघरात कोठीवर एखादी आत्या बसवतात बघा, कमरेला किल्ली, तोंडाला कुलूप. आचारी साखर मागायला आला की ती आधी विचारणार, "पंगतीला माणसं किती?" आणि मग मोजून माप काढणार. आमच्या गाडीतली वीज सांभाळणारी यंत्रणा तशीच, म्हणून ह्यांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं. कंपनीनं दिलेलं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलंय!

हे म्हणजे माझे यजमान, अरविंद खटावकर. जन्म गेला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात, पण पायाला लहानपणापासून भिंगरी. निवृत्त झाले त्या वर्षी मला म्हणाले, "जयू, फ्लॅट विकून घरगाडी घेऊया का? सगळा देश बघू." मी म्हटलं, "मला काय विचारता, तुमचं तुम्ही बघा." आता कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल की याचा अर्थ 'पुन्हा एकदा विचारा' असा होतो. पण हे पडले केमिस्ट. एकदा कागद बुडवला, रंग बघितला, विषय संपला. कराडचा फ्लॅट गेला, इथेनॉलवर चालणारी घरगाडी आली, आणि विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आम्ही जे निघालो ते निघालोच.

वाईट म्हणावं असं काही नव्हतं, उगाच खोटं का बोलू? हंपी बघितली, नर्मदा बघितली, मिठाच्या रणात चांदणं बघितलं. पण या गाडीत मला एकदा धड दही लावता आलं नाही. दह्याला मुक्काम लागतो. मी विरजण लावावं, वर झाकण ठेवावं, आणि ह्यांनी किल्ली हातात घेऊन म्हणावं, "चल, पुढं जाऊ." मग त्या पातेल्यात जे काही होई ते दहीही नसे आणि दूधही नसे. माझंही तसंच झालं होतं. कुठंही पोचलो की मला वाटे, आता निघणार. आणि निघालो की वाटे, आता कुठं?

पुढचं कळायला आधी थोडं बॅटरीचं सांगायला हवं. गाडीत बॅटऱ्या दोन. एक बॉनेटखाली, शिशाची, जुन्या वळणाची. तिचं काम एवढंच, की सकाळी इंजिनाला धक्का देऊन उठवायचं. दुसरी पलंगाखाली, लिथियमची. दिवे, पंखा, फ्रीज, विजेची शेगडी, मिक्सर, आणि झोपेत ह्यांचा श्वास अडकतो म्हणून रात्री नाकाला लावायचं यंत्र, सगळं तिच्यावर. दोघींच्या चुली वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे रात्रभर पंखा चालला म्हणून सकाळी गाडी अडून बसत नाही. इंजिन चालू असलं की त्याचा अल्टरनेटर दोघींना भरतो. पण लिथियम महा हावरी. थेट जोडली तर एवढा प्रवाह ओढते की अल्टरनेटरच जळून जायचा. म्हणून मध्ये एक चार्जर असतो, तो तिला मापानं वाढतो. शिवाय छतावर सूर्याची पॅनेलं, आणि गाडीतळावर थांबलं तर भिंतीतला प्लग.

लिथियमची आणखी एक खोड. काठोकाठ भरून ठेवलेलं तिला सोसत नाही. पूर्ण भरली की तिच्यातले लिथियमचे कण सगळे एकाच बाजूला दाटीवाटीनं शिरून बसतात आणि त्या ताणानं आतले थर झिजायला लागतात. पार रिकामी ठेवली तरी दुखणं आहेच. अर्धपोटी ठेवली तर मात्र वर्षानुवर्षं जगते. लिथियमची टंचाई झाल्यापासून या बॅटऱ्या विकत मिळेनाशा झाल्या, कंपनी त्या भाड्यानं देते, आणि अट घालते की आत्याबाईच्या कलानं घ्यायचं. तुम्हाला जेवढी वीज लागणार तेवढीच ती भरून ठेवणार, वर चिमूटभर नाही.

आता किती लागणार हे तिला कसं कळतं? खरी करामत तिथं आहे. प्रत्येक वस्तू वीज ओढते ती आपल्या ढंगानं. फ्रीज सुरू होताना हिसका देतो, शेगडी ठोके घेत चालते, मिक्सर एकदम झडप घालतो. एकाच तारेतून जाणाऱ्या प्रवाहात हे सगळे ढंग मिसळलेले असतात आणि आत्याबाई ते निवडून काढते. त्यावरून कोण कधी उठलं, चहा कितीदा झाला, पाहुणा आला का, कुणाला झोप नाही, हे सगळं तिला समजतं. तशा लाखो घरगाड्यांच्या सवयी तिच्यापाशी आहेत. त्या ताडून बघायच्या आणि पुढचा अंदाज बांधायचा. मागं ह्यांना ताप आला, तर त्याच्या आदल्या दिवशीच तिनं जास्तीचं भरून ठेवलं होतं. ह्यांनी रात्री चार वेळा उठून पाणी गरम केलं, त्यावरून तिनं ओळखलं. त्या दिवशी मी तिची दृष्टसुद्धा काढली असती.

पण हे साठ टक्क्यांचं काय? आम्ही तेव्हा वाईच्या गाडीतळावर होतो. मी कंपनीला फोन लावला. ऋजुता नावाची मुलगी बोलत होती, आवाजावरून गरीब वाटली.

"मॅडम, बॅटरी ठणठणीत आहे. पुढच्या आठवड्यापासून तुमची गरज कमी होतेय, म्हणून तिनं आत्तापासून मर्यादा खाली आणायला घेतलीय."

"कमी कशानं होतेय?"

"तिनं एका माणसाची गरज धरलीय."

"अगं, आम्ही दोघं आहोत."

"हो मॅडम. आत्ता आहात."

खिडकीतून बघितलं तर हे घडीच्या खुर्चीत बसून नकाशा बघत होते, ओठात कुठलंतरी गाणं. नाकाचं ते यंत्र, रात्रीचं ते अडकणं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. "कोण?" मी विचारलं. "दोघांतलं कोण?"

"ते सांगायची आम्हाला परवानगी नाही. पण मॅडम, ती जिवाबिवाचं सांगत नाही हं. ती फक्त विजेचं सांगते."

तिनं धीर दिला, पण मला तो पुरला नाही. तो दिवसभर मी ह्यांच्या मागंमागं. पाणी हवं का, सावलीत बसा, गोळी घेतली का. हे हसायला लागले. "आज एवढी माया का उतू चाललीय? काही फोडलंबिडलंस का?"

"गप्प बसा," मी म्हटलं. रडू येईल अशी भीती वाटली.

संध्याकाळी हे पाय मोकळे करायला गेले तेव्हा मी आत्याबाईलाच धरलं. "पुढच्या आठवड्यात रात्री नाकाचं यंत्र चालेल ना?"

"चालेल. त्यासाठी रोजचा साठा राखून ठेवला आहे."

जीव भांड्यात पडला. उगाच विचारावं म्हणून पुढं विचारलं, "आणि मिक्सर?"

"नियोजनात नाही."

"माझी गुडघा शेकायची विजेची पिशवी?"

"नियोजनात नाही."

"पलंगाच्या डाव्या बाजूचा दिवा?"

"नियोजनात नाही."

डाव्या बाजूला मी झोपते. म्हणजे हे कुठं जात नव्हते. नियोजनात नव्हते ती मी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऋजुताला फोन. मी आवाज चढवला होता, कबूल. ती बिचारी समजावत होती. "मॅडम, तिनं बघितलं ते असं. तुमच्याकडचा मिक्सर महिन्यातून एकदा खूप वेळ चालायचा."

"चालणारच. कांदा-लसूण मसाला करते मी. ह्यांना बाहेरचा चालत नाही."

"तो बंद झालाय. लोणच्या-चटण्यांचं, साठवणीचं सगळं थांबलंय. पहाटेच दिवा लागतो आणि दार उघडतं. फोन दिवसातून दोनदा चार्ज होतो. ज्या घरगाड्यांमध्ये असं दिसलं, त्यातल्या बहुतेकींतून थोड्याच दिवसांत एक माणूस कमी झालं. माणूस निघायचं ठरवतो ना मॅडम, तेव्हा आधी साठवायचं थांबवतो."

"मी काही ठरवलेलं नाही!"

"असेल मॅडम. आणि रोज सकाळी ती विचारते, मिक्सरसाठी जास्तीचं भरू का, तर तुम्ही 'राहू दे' म्हणता."

"अगं बाई, पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं? पाहुणीला 'अजून एक पोळी' म्हटलं की ती नकोच म्हणते, म्हणून काय ताट उचलायचं असतं?"

"तिला ते शिकवलेलं नाही मॅडम," ऋजुता म्हणाली. ती हसली असावी.

हसण्यासारखंच होतं, पण मला हसू आलं नाही. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. कुंदा पालशेतकर माझी शाळेतली मैत्रीण. गुहागरला तिचं घर आहे, उतरायला पाहुणे येतात, आणि माडीवरची एक खोली रिकामी झालीय, स्वयंपाकाच्या ओट्यासकट. "ये तू," ती म्हणाली होती, "पाहुण्यांचं जेवणखाण दोघी बघू." मी म्हटलं होतं, "बघू." कुंदा मला ओळखते, म्हणून ती रोज पहाटे फोन करते, मी बाहेर जाऊन बोलते. मी रोज 'बघू' म्हणते, आणि फोन ठेवला की त्या खोलीत मनानं जाऊन येते. भांडी कुठं लावीन, कॉट कुठं टाकीन. मी एवढंच करत होते. जायचं ठरवलं नव्हतं, देवाशपथ. भिजत घोंगडं होतं.

आता मात्र डोक्यात भुंगा शिरला. मी मसाला केला नाही म्हणून हिनं मर्यादा खाली आणली, की हिनं मर्यादा खाली आणली म्हणून आता माझा मसाला होत नाही? रोज एकेक वस्तू नियोजनातून जात होती. आज माझी पिशवी, उद्या माझा दिवा. माझ्याच घरात मी पाहुणी झाले होते आणि आत्याबाई मला दार दाखवत होती, तेही क्षमा मागून. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर गाडीत चालायला चार पावलांपलीकडं जागा नाही. ह्यांना सांगावं असं शंभरदा वाटलं. पण सांगायचं काय? बॅटरी म्हणते मी जाणार आहे? आणि ह्यांनी विचारलं, जाणार आहेस का, तर?

अशात ह्यांनी किल्ली हातात घेतली. "चल, पाटणच्या वर पठारावर जाऊ. फुलं आली असतील."

फुलं होती म्हणे. आम्हाला ती दिसली नाहीत. पठारावर पोचलो आणि ढग जे खाली उतरले ते दोन दिवस हलले नाहीत. डोक्यावर पवनचक्क्या, पण पाती दिसत नव्हती, नुसती घुं घुं ऐकू यायची. एवढी वीज डोक्यावरून चालली होती आणि आमच्या पॅनेलवर दव. फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि कुंदाचा शेवटचा निरोप असा होता, की दोन दिवसांनी दुसरी एक बाई खोली बघायला येणार आहे, तुझं हो की नाही ते त्याच्या आत कळव.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, "निघूया खाली." हे लगेच तयार. किल्ली फिरवली तर टक्. पुन्हा टक्. शिशाची बॅटरी म्हातारी झाली होतीच, त्यात गारठा. पुरती गतप्राण झाली.

"घाबरू नकोस," हे म्हणाले. "चार्जर उलटाही चालतो. लिथियममधून तिकडं थोडं सोडलं की इंजिन उठेल. आत्याबाई, पुढच्या बॅटरीला चार्ज दे."

"सध्या साठा कमी आहे," आत्याबाई म्हणाली. "पुढचे दोन दिवस ऊन नाही. इंजिन चालू झालं नाही तर तुम्ही इथं थंडीत विजेवाचून अडकाल. दोन माणसांना दोन दिवस पुरेल एवढं राखलं, तर पुढं द्यायला उरत नाही. एका माणसाचं राखलं, तर उरतं. माणसं किती?"

हे समोरच्या काचेकडं बघत राहिले. बाहेर पांढरं फटक.

"अहो, एक म्हणून सांगा," मी म्हटलं. "खोटंच. तिला काय कळतंय?"

"नको."

"काय नको? इथं किती दिवस बसायचंय?"

"मला नाही म्हणवत ते, जयू."

"एक म्हणायला काय होतंय?"

हे म्हणाले, "महिना झाला, ती मला रोज सकाळी हेच विचारतेय. माझ्या फोनवर येतं. गाडी माझ्या नावावर आहे ना. 'यापुढे एक माणूस धरू का? हो, नाही.' मी ते पुसून टाकतो. हो म्हणवत नाही, आणि नाही म्हणायचा मला अधिकार आहे का, ते कळत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "महिनाभर तुम्हाला ठाऊक होतं? आणि तुम्ही शीळ घालत नकाशे बघत बसलात?"

"मला वाटलं, तूच सांगशील."

"आणि तुम्ही तोंड उघडून विचारायचं नाही?"

"विचारून काय झालं असतं?" ह्यांचाही आवाज चढला, जो कधी चढत नाही. "तू म्हणाली असतीस, छे, मी कुठं जातेय. आणि राहिली असतीस. आणि मी तुला आवडतंय असं समजून जन्मभर फिरवत बसलो असतो."

"आत्तासुद्धा तसंच समजून फिरवताय!"

"नाही आवडत?"

तोंडात 'तसं काही नाही हो' अगदी आलं होतं. जिभेला तेवढंच वळण. मी ते गिळलं. गिळायला फार जड गेलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही आवडत. मला रोज एकाच जागी उठायचंय. खिडकीत काल होतं तेच झाड आज दिसायला हवंय. शेजारणीशी भांडायचंय, आणि चार दिवसांनी तिच्याशीच बोलायचंय. इथं भांडायलासुद्धा कुणी टिकत नाही. कुंदानं गुहागरला खोली देऊ केलीय. मला तिथं जायचंय."

एवढं एका दमात बोलून मला धाप लागली. बोलल्याचं बरं वाटलं, आणि ह्यांचा चेहरा बघून वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच.

"मी पण येतो," हे म्हणाले. फार पटकन म्हणाले. "राहू तिथं दोघं."

"किती दिवस?"

"किती म्हणजे? कायमचं."

"अहो, मी तुम्हाला आज ओळखतेय का? आठ दिवसांत तुम्ही गच्चीत येरझाऱ्या घालाल. पंधराव्या दिवशी पिशवी भराल आणि मी बघायला लागले की पुन्हा कपाटात ठेवाल. आणि मी तुम्हाला आवडतंय असं समजून बसवून ठेवीन. त्यापेक्षा नको."

ह्यांनी नाही म्हटलं नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"माणसं किती?" आत्याबाईनं विचारलं. तिला कुठली दमणूक!

"एक," मी म्हटलं.

"माणसं एक. नक्की करू?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारलं. "कर," मी म्हटलं.

चार्जरचा पंखा घुरघुरायला लागला. पलंगाखालून पुढच्या बॅटरीत थेंबथेंब चालला होता. आम्ही दोघं भडंगाचा डबा मध्ये ठेवून बसलो, कारण शेगडी लावायची सोय नव्हती.

"गाडी चालू व्हावी म्हणून म्हणालीस," ह्यांनी विचारलं, "की खरंच?"

"गाडीसाठी म्हणाले असते तर एवढं जड गेलं नसतं."

ह्यांनी मान हलवली. डब्यातले शेंगदाणे वेचून माझ्या बाजूला सरकवले. मला ते आवडतात आणि हे आजवर ते स्वतःच खात आले होते. मग किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि उठलं.

कुंभार्ली घाट उतरताना ढग मागं राहिले. घाटाखाली रेंज आली तशी मी कुंदाला फोन केला, म्हटलं, त्या बाईला येऊ नको म्हणून सांग. कुंदा म्हणाली, "तिला कालच सांगितलंय गं, खोली दिली म्हणून." अशी आमची कुंदा.

ह्यांनी माझं सामान माडीवर चढवलं. गळका नळ दुरुस्त केला, खिडकीची कडी बसवली, एका भिंतीला खिळा नको असताना मारला. पाच-सहा दिवस राहिले, गोडीत राहिले. मग एका सकाळी बघते तर हे गच्चीत उभे राहून गाडीच्या टायरांकडं वरून बघतायत. मी म्हटलं, "निघा आता." गाडी वळणाआड गेली तेव्हा मी पदर डोळ्यांना लावला, आणि खोटं का सांगू, आत येऊन ओट्यावरून हात फिरवला तेव्हा मला फार आनंद झाला. इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं, म्हणून थोडी धास्तावलेसुद्धा.

दिवस कामात जायला लागले. पाहुणे, मासळीबाजार, कुंदाची बडबड. संध्याकाळी ह्यांचा फोन. कधी कारवारहून, कधी गोकर्णाहून. समुद्र सांगायचे, रस्ते सांगायचे. आवाज छान असायचा. परवा मी सहज विचारलं, "बॅटरीचं कसं काय? ऊन मिळतं का?"

"भरपूर. संपतच नाही गं ती," हे म्हणाले. "सकाळी पन्नासला पोचते ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथंच. आत्याबाई विचारते, मर्यादा अजून खाली आणू का?"

"अजून खाली? एका माणसाचंच धरलंय ना तिनं?"

"धरलंय. पण तेवढं लागत नाही."

मी भाजी निवडत होते. आत्याबाईनं काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. दोघांच्या विजेतून माझी वजा केली आणि उरली ती ह्यांची धरली. गणित बरोबर आहे. पण शेगडी पेटायची ती मी पेटवायचे म्हणून. दिवा उशिरापर्यंत जळायचा तो आमचं कशावरून तरी वाजायचं म्हणून. लाखो घरगाड्या तपासल्या तिनं, कोण जाणार ते बिनचूक सांगितलं, आणि जो मागं राहतो तोही पुरता राहत नाही, एवढं मात्र तिला कळलं नाही.

"आज काय जेवलात?" मी विचारलं.

"जेवलो की."

"काय जेवलात?"

पलीकडं लाटांचा आवाज येत होता.

"बिस्किटं होती. आणि केळी."

"काल?"

"काल पण केळी. छान आहेत इथली."

माझा संतापही झाला, आणि भरूनही आलं. मी म्हटलं, "उठा. तांदूळ खालच्या फडताळात, डाळ त्याच्या मागं. कुकर काढा. फोन उभा करून ठेवा समोर."

"आत्ता? राहू दे गं. भूक नाही एवढी."

"उठा म्हणते ना!"

खुडबुड ऐकू आली. डबा पडला, झाकण घरंगळलं, हे "आईगं" म्हणाले. तांदूळ दोनदा धुवायला लावले, पाणी बोटाच्या पेरानं मोजायला लावलं. शेगडीचं बटण टुकटुक वाजलं. मागून तो मधाळ आवाज आला: "नियोजनापेक्षा जास्त वापर होत आहे."

"होऊ दे," हे तिला म्हणाले. मग मला म्हणाले, "जयू, शिट्ट्या किती?"

"तीन," मी म्हटलं. "तुम्ही बसा. मी मोजते."